राळ, लाख, डांबर: प्लास्टिकच्या रस्त्याची कुळकथा

डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक घालण्याची पद्धत भारतात एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. भंगारवाला ज्याला काट्यावर चढू देत नाही अशा झबला पिशव्या, बिस्किटपुड्यांची वेष्टने, वेफर्सची पाकिटे हा तिचा कच्चा माल. या पद्धतीचा इतिहास मदुराईपासून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण इथे ज्या दोन पदार्थांची गाठ पडली, त्यांच्या नावांची मुळे खणत गेले की ही सोयरीक फार जुन्या घरोब्यातली निघते. डांबर हा शब्द मुळात झाडाच्या राळेचा. बिट्युमेन हा शब्द लाखेच्या भाऊबंदांतला. आणि प्लास्टिकच्या दाण्यांना कारखान्यात आजही रेझिन, म्हणजे राळच, म्हणतात.

मराठीत डांबर म्हटले की रस्त्यावर ओततात तो काळा, चिकट, उष्णतेने पातळ होणारा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः या एका शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू नांदतात. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की निघते ते कोलटार आणि खनिज तेल गाळून उरलेला गाळ म्हणजे बिट्युमेन. कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची डांबरगोळी पहिल्याच्या वंशातली आहे, कारण तिच्यातले नॅप्थलीन कोलटारपासून काढले जाई. आजचे रस्ते दुसऱ्याचे.

शब्द मात्र या दोन्ही वस्तूंच्या आजच्या वापराहून जुना आहे. मलय आणि जावा बेटांतल्या भाषांत ‘दमार’ म्हणजे झाडातून पाझरणारी राळ. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्या राळेची मशाल किंवा दिवा. ही राळ तेलात उकळून जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला आणि तळाला लेप द्यायला वापरत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हा शब्द मलय-जावा मुळाचाच मानला आहे. जहाजी डांबराऐवजी चालणाऱ्या निरनिराळ्या राळांना भारतात हे एकच नाव आहे, असेही तिथे नोंदवले आहे. पश्चिम घाटातल्या दोन झाडांच्या राळा व्यापारात अजून याच नावाने ओळखल्या जातात: व्हेटेरिया इंडिकाची राळ म्हणजे पांढरा डामर आणि कॅनेरियम स्ट्रिक्टमची, म्हणजे मराठीत ज्याला धूप म्हणतात त्या झाडाची, काळा डामर. रस्त्याच्या डांबराशी या झाडांचा रासायनिक संबंध काही नाही. संबंध आहे तो कामाचा: चिकटवणे, बुजवणे, पाणी अडवणे.

या व्युत्पत्तीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला उच्चाराचा. ‘दमार’चा ‘डामर’ का व्हावा? मलय भाषेतला द मराठी द-सारखा दाताला जीभ टेकवून निघत नाही, हिरडीवरून निघतो. भारतीय कानाला असा ध्वनी ड-सारखाच ऐकू येतो. इंग्रजीतला डी आपण ड म्हणून घेतला तो याच कारणाने. म्हणजे शब्दारंभीचा ड हा आक्षेपाचा मुद्दा नसून परदेशी मुळाचा पुरावाच ठरतो. पुढे डामरचा डांबर होणे तर मराठीच्या अंगवळणी पडलेले आहे. म-ला र चिकटला की मध्ये ब शिरतो: आम्रचा आंबा झाला, ताम्रचे तांबे झाले. डामरमध्ये म आणि र यांच्यात अ आहे, ही शंका रास्त. पण ‘डामराचा’, ‘डामरावर’ अशी रूपे बोलताना तो अ उरत नाही, म आणि र एकमेकांना भिडतात आणि ब-ला वाट मोकळी होते.

दुसरा आक्षेप संस्कृतकडून येतो. संस्कृतात ‘डामर’ हा शब्द आहे आणि उच्चाराने तो तंतोतंत जुळतो. पण त्याचा अर्थ दंगा, गोंधळ. डामर नावाचे तंत्रग्रंथ आहेत आणि कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त डामर म्हणजे काश्मीरचे बलदंड जमीनदार. यांतल्या एकाही अर्थाला चिकटपणाचा वास नाही. शब्दाचे कूळ ठरवताना ध्वनी आणि अर्थ दोन्ही साक्षीला लागतात आणि इथे अर्थाची साक्ष पूर्णपणे मलय बाजूची आहे. तेव्हा डांबर हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर गलबतांबरोबर आला, आधी नावेच्या तळाला लागला आणि कोलटार आल्यावर त्याच्यावर चढला, हाच उलगडा पटतो.

बिट्युमेनची कथा याहून चमत्कारिक आहे. रस्तेबांधणीच्या कितीतरी पुस्तकांत हा शब्द संस्कृत ‘जतु’ आणि ‘जतुकृत्’ यांपासून निघून लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला असे छापलेले असते. जतु म्हणजे लाख. ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण जशीच्या तशी टिकत नाही. लॅटिनने हा शब्द संस्कृतकडून उचललेला नाही. दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेत राळेसाठी ‘ग्वेतु’सारखा एक शब्द होता. संस्कृतात त्याचा जतु झाला, जुन्या इंग्रजीत क्विदु झाला आणि त्यातूनच रवंथ या अर्थाचा आजचा इंग्रजी ‘कड’ आला. लॅटिनच्या स्वतःच्या नियमाने आरंभी व यायला हवा होता. ब आला, याचा अर्थ लॅटिनने तो शेजारच्या एखाद्या भाषेतून, बहुधा केल्टिक किंवा ऑस्कन गटातून, घेतला. केल्टिक बाजूला रोमन लेखक प्लिनीचा आधार मिळतो. केल्टिक गॉल लोक भूर्जाच्या जातीच्या झाडापासून बिट्युमेन उकळून काढतात, असे तो लिहितो आणि त्या झाडाचे लॅटिन नाव ‘बेटुला’ हेही याच मुळाचे मानतात. म्हणजे जतु हा बिट्युमेनचा बाप नव्हे, भाऊ. पाठ्यपुस्तकांनी नाते चुकवले, पण घराणे बरोबर ओळखले.

संस्कृत भाषकांनीही दगडातून पाझरणाऱ्या काळ्या पदार्थाला नाव देताना लाखेकडेच पाहिले. शिलाजतु, म्हणजे दगडाची लाख, हेच पुढे शिलाजित झाले. वस्तूचा वापर त्याहून कितीतरी जुना. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या भिंतीमागे नैसर्गिक डांबराचा थर दिलेला सापडला आहे.

आता प्लास्टिक. लिओ बेकलँडने १९०७ साली बेकेलाइट बनवले. तो शोधत होता लाखेला पर्याय. विजेच्या तारांवर आणि उपकरणांवर देण्यासाठी लाखेची मागणी वाढत होती आणि लाख येत होती ती मुख्यतः भारतातल्या जंगलांतल्या किड्यांपासून. म्हणजे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक हे जतूची जागा घेण्याच्या खटपटीतून जन्मले. बेकेलाइटला कृत्रिम राळ म्हणत आणि हे नाव नंतरच्या सगळ्या भावंडांना चिकटले. १९३३ साली इंग्लंडात अपघाताने हाती लागलेले पॉलिथिन, १९६५ साली एका स्वीडिश कंपनीला पेटंट मिळालेली बंदांची पिशवी, सगळी त्याच घरची. आजही डब्याच्या बुडाशी त्रिकोणात जो आकडा असतो त्याला रेझिन कोड म्हणतात: ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन.

इथे एक प्रतिस्पर्धी कुळकथा पुढे येते आणि तिची दखल घ्यायला हवी. प्लास्टिक आणि प्लास्टर हे दोन्ही शब्द ग्रीक ‘प्लासेइन’, म्हणजे आकार देणे, लिंपणे, या एकाच धातूपासून आले. तेव्हा प्लास्टिक ठोकळे होऊन भिंतीत जाणे ही घरवापसीच आहे, असे म्हणता येते. व्युत्पत्ती निर्विवाद खरी. पण तो शब्द कृती सांगतो, पदार्थ सांगत नाही. कुंभाराची मातीही त्या अर्थाने प्लास्टिकच. मराठीतला गिलावा फारसी ‘गिल’, म्हणजे माती, या शब्दावरून आला आणि तो निदान पदार्थाचे नाव तरी घेतो. रस्त्यात प्लास्टिक का टिकते हे प्लास्टरवरून कळत नाही, राळेवरून कळते.

ते कळण्यासाठी मदुराईला जावे लागते. तिथल्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००१ च्या सुमारास टाकाऊ प्लास्टिकवर प्रयोग सुरू केले आणि २००२ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता केला. महाविद्यालयाला २००६ साली पेटंट मिळाले आणि २०१८ साली वासुदेवन यांना पद्मश्री. कृती अशी: खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसला तापवायची. तिच्यावर चार-साडेचार मिलिमीटरपर्यंत बारीक कातरलेले कोरडे प्लास्टिक टाकायचे. मिनिटभराच्या आत ते वितळते, खडीचा प्रत्येक दाणा तुकतुकीत होतो, तेल लावल्यासारखा. मग त्यावर तेवढेच गरम डांबर.

दगडाला डांबरापेक्षा पाणी प्रिय असते. पावसाळ्यात पाणी खडी आणि डांबर यांच्यात शिरते, डांबर सोलून काढते आणि खड्डा पडतो. प्लास्टिकचा पापुद्रा खडीची छिद्रे बुजवतो, पाण्याला शिरू देत नाही आणि डांबराला घट्ट धरतो, कारण दोघेही खनिज तेलाचीच लेकरे. गलबताच्या फळ्यांवर दमार जे काम करी, तेच इथे खडीवर होते. एकपदरी, पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्याला किलोमीटरमागे सुमारे एक टन प्लास्टिक लागते. ते साधारण दहा लाख पिशव्यांएवढे भरते. म्हणजे पिशवी एक ग्रॅमची आणि किलो भरायला हजार पिशव्या. कचरावेचक या पिशव्या का उचलत नसत, याचे उत्तर या हिशेबात आहे. वाकून हजार वेळा उचलण्याचे मोल देणारा गिऱ्हाईक रस्ता येईपर्यंत नव्हता.

शोध कोणाचा, यावर मदुराईचा दावा एकटा नाही. त्याच सुमारास बंगळुरूत अहमद खान आणि रसूल खान या प्लास्टिक पिशव्यांच्या उत्पादक बंधूंनी टाकाऊ प्लास्टिक रस्त्यात वापरायला सुरुवात केली. त्यांच्या मिश्रणाची तपासणी बंगळूर विद्यापीठात झाली. तपासणाऱ्यांत सी. ई. जी. जस्टो होते, ज्यांचे खन्ना-जस्टो हे पुस्तक वाचून स्थापत्य अभियंत्यांच्या पिढ्या रस्ते शिकल्या. प्लास्टिक आधी डांबरातच विरघळवायचे, अशी एक ओली पद्धत आहे. तिचा वंश परदेशी आहे: डांबरात रबर घालण्याची पेटंटे एकोणिसाव्या शतकातली आणि पॉलिथिन घालण्याचे प्रयोग युरोपात १९७० च्या दशकातले. शिवाय पॉलिथिन डांबरापेक्षा हलके असल्याने ढवळणे थांबले की वर तरंगू लागते. खडीलाच आधी प्लास्टिकचे अंगरखे चढवायचे, ही सुकी पद्धत मात्र नवी होती. खऱ्या शोधाचा मान तिलाच द्यायला हवा. भारतीय रस्ते महासभेने २०१३ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्या शीर्षकातच ‘सुकी पद्धत’ आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने मोठ्या शहरांच्या आसपासच्या रस्त्यांत असे प्लास्टिक वापरण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी पिशव्यांवर बंदी घातली, तोवर रस्त्याची कृती कागदावर पक्की झाली होती.

रस्त्यावरून ही राळ भिंतीकडे आणि अंगणाकडे वळली. वासुदेवन यांनीच दगडाचा चुरा आणि प्लास्टिक यांची ‘प्लास्टोन’ ही फरशी तयार केली. कोलंबियात प्लास्टिकचे एकमेकांत अडकणारे ठोकळे बनले आणि युनिसेफच्या पुढाकाराने त्यांतून आयव्हरी कोस्टमध्ये शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या. नैरोबीत न्झाम्बी मटी यांनी वाळूत वितळलेले प्लास्टिक मिसळून पदपथाच्या फरश्या काढल्या. तत्त्व एकच: सिमेंटच्या जागी राळ.

राळेची भिंत मात्र भारतीय वाङ्मयाला नवी नाही. महाभारतातल्या वारणावताच्या जतुगृहात ताग, सर्जरस म्हणजे राळ आणि लाख वापरायची होती, आणि तूप, तेल, चरबी मातीत कालवून तिचा गिलावा भिंतींना द्यायचा होता. युधिष्ठिराला तो वासावरून कळला. राळेने बांधलेल्या घराचे सगळे गुण तिथे आहेत आणि मोठा दोषही: ते पेटते. म्हणून प्लास्टिकच्या विटेला आगीची चाचणी सर्वांत आधी द्यावी लागते. खडीने भरलेल्या रस्त्याला ही भीती कमी. तिथे जपायचा तो भट्टीचा काटा. साधारण १३० ते १४० अंशांना पिशव्यांचे प्लास्टिक मऊ होते, अडीचशेच्या पुढे ते विघटन होऊन विषारी वायू सोडू लागते. पीव्हीसी तर याहून आधीच हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सोडते, म्हणून त्याला रस्त्यात मज्जाव आहे. त्रिकोणातला ३ हा आकडा त्यासाठीच पाहायचा, पण फाटक्या, चुरगळलेल्या तुकड्यांवर आकडा क्वचितच उरतो. हे निवडण्याचे काम बहुतेक ठिकाणी अजूनही कचरावेचकांच्या बोटांनाच करावे लागते.