विहिरींचे पाणी व नारू निर्मूलन, मराठवाड्यातील

मराठवाड्यातील पिण्याच्या पाण्याचा इतिहास बऱ्याच अंशी विहिरीच्या बांधणीचा इतिहास आहे. नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे ठिकाण. तेथील व आसपासच्या खेड्यांतील लोक नळयोजना येण्यापूर्वी प्रामुख्याने विहिरी, आड व नदीनाले यांच्या पाण्यावर अवलंबून असत. आड अरुंद व पायऱ्यांविना असून त्यातील पाणी दोराने शेंदतात. बारव किंवा पायविहिरीत मात्र पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येते. यादवकाळापासून अशा अनेक बारवा या प्रदेशात बांधल्या गेल्या. उन्हाळ्यात पातळी खालावली तरी पाणी हाती लागावे, ही त्यांमागील सोय होती. तथापि हीच सोय नारू रोगाच्या प्रसाराचे कारण ठरली.

नारू हा एका लांब कृमीमुळे होणारा रोग आहे. या कृमीची मादी सु. ६० ते १०० सेंमी. लांब असते. ती बहुधा पायाच्या त्वचेतून बाहेर पडते व तेथे आग होऊन फोड येतो. रोगी पायविहिरीत उतरला, की मादी असंख्य डिंभ पाण्यात सोडते. सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलचर ते गिळतात आणि असे पाणी पिणाऱ्याच्या शरीरात सुमारे वर्षभराने नवा कृमी पूर्ण वाढतो. सायक्लॉप्सचा हा सहभाग रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी १८७० मध्ये दाखविला. या रोगावर खात्रीचे औषध वा लस नाही. कृमी काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे, हाच परंपरागत उपाय होय. रोगी अनेक आठवडे अंथरुणास खिळत असल्याने ऐन हंगामात शेतीची कामे खोळंबत.

भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. त्या वेळी महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सु. ४०,००० रोगी होते. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांना कठडा व रहाट बसविणे, हातपंप देणे, पाणी दुहेरी कापडातून गाळणे, सायक्लॉप्सनाशक टेमेफॉस पाण्यात मिसळणे आणि रोग्यास पाण्यात उतरू न देणे, हे या कार्यक्रमाचे प्रमुख उपाय होते. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

हातपंपाच्या विकासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सार्वजनिक वापरात बिडाचे जुने पंप लवकर मोडत. त्यांऐवजी जालना व सोलापूर येथे मिशनरी संस्थांच्या पुढाकाराने पोलादी पंप तयार झाले. त्यांपैकी सोलापूर पंपाच्या आधारे १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा पंप विकसित झाला आणि पुढे अनेक देशांत वापरला गेला.

पायऱ्या बंद झाल्याने नारू हटला, तरी पटकी, विषमज्वर व अतिसार यांचे जंतू आडाच्या पाण्यातही शिरू शकतात. त्यासाठी विहिरीचे क्लोरिनीकरण करतात. दर १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीचे सु. २·५ ग्रॅम विरंजक चूर्ण लागते. चूर्णाची लापशी करून तीत पाणी मिसळतात, चुना खाली बसू देतात आणि वरचे निवळ द्रावण बादलीने विहिरीत सोडून ढवळतात. तासाभरानंतर पाण्यात लिटरमागे ०·५ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन शिल्लक राहणे आवश्यक असते. पाण्याचा रोजचा उपसा संपल्यावर रात्री हे काम करणे सोयीचे ठरते.

विंधनविहिरींनी वेगळा प्रश्न उभा केला. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा असला, तरी पूर्वेकडे ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळतात. अशा खडकांतील खोल पाण्यात काही ठिकाणी फ्ल्युओराइडाचे प्रमाण वाढलेले असते. लिटरमागे १·५ मिग्रॅ.पेक्षा अधिक फ्ल्युओराइड असलेले पाणी दीर्घकाळ प्यायल्यास दात व हाडे यांना विकार होतात. हे द्रव्य कापडाने गाळून, उकळून वा क्लोरिनीकरणाने दूर होत नाही आणि पाण्याच्या चवीवरून ओळखूही येत नाही. त्यामुळे पाण्याचे नियमित रासायनिक परीक्षण हाच सुरक्षिततेचा पाया ठरतो. नारूचे उच्चाटन एकदा झाले. विहिरीची राखण मात्र गावाला नित्य करावी लागते.