सनदेवरचा सवाल

कुरुंद्याच्या शेतकऱ्याचा दावा वसमतच्या कोर्टात चालतो, पण त्याच्या वकिलाची सनद मुंबईतल्या राज्य बार कौन्सिलच्या हाती असते. वकिलाने पैसे दडवले किंवा विरुद्ध बाजूशी संगनमत केले, तर दाद तिथेच मागायची. ही लढाई त्या एकट्या अशिलाची, असे आपण धरून चालतो. वकिलांच्या शिस्तीचा इतिहास मात्र सांगतो की ती कधीच एकट्याची नव्हती.

१९२६च्या बार कौन्सिल कायद्यात वकिलांच्या समितीने चौकशी करावी आणि शेवटचा हुकूम उच्च न्यायालयाने द्यावा, अशी रीत होती. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने निकालाचा अधिकारही वकिलांच्याच कौन्सिलला दिला. आता तिघांची शिस्तपालन समिती दिवाणी न्यायालयासारखी साक्षीदार बोलावते. तक्रार फेटाळते, समज देते, सनद निलंबित करते किंवा पटावरून नाव काढते. त्यावर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

पण समितीने वकिलाला निर्दोष सोडले, तर अपील कोणी करायचे? हा प्रश्न मुंबईतूनच दोनदा उभा राहिला. परदेशात चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका वकिलाची महाराष्ट्र बार कौन्सिलने आपणहून चौकशी केली आणि त्याला सोडले. महाधिवक्ता एच. एम. सीरवाई अपिलात गेले. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की कायद्याने अपिलाचा हक्क दिलेली ‘व्यथित व्यक्ती’ महाधिवक्ता नाही, त्याला हा अधिकार नाही. १९७३मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून तो अधिकार दिला. दुसरा खटला मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना मोकळे केल्यावर महाराष्ट्र बार कौन्सिल स्वतः अपिलात गेली. १९७५च्या दाभोळकर प्रकरणात सात न्यायमूर्तींनी राज्य कौन्सिलला व्यथित मानले, कारण व्यवसायाची प्रतिष्ठा जपणे हे तिचे कर्तव्यच आहे. वकिलाचे गैरवर्तन म्हणजे दोघांमधला हिशेब नव्हे, साऱ्या समाजाचे नुकसान, हे तत्त्व या वाटेने रुजले.

यावर रास्त आक्षेप असा, की वकिलांनीच वकिलांचा न्याय केला तर आपल्या माणसाला झुकते माप मिळणारच. वरच्या दोन्ही प्रकरणांत आरोपी वकील एकेका टप्प्यावर सुटले होते, त्यामुळे ही शंका निराधार म्हणता येत नाही. मग हा अधिकार पुन्हा न्यायाधीशांकडे द्यावा का? तो त्यांच्याकडे होता तेव्हा, १९१९मध्ये, रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांना मुंबई उच्च न्यायालयासमोर शिस्तभंगाचा जाब द्यावा लागला, आणि त्यांना ताकीद मिळाली. सत्तेला न रुचणाऱ्या अशिलाची बाजू मांडणारा वकील निर्भय हवा असेल, तर त्याच्या सनदेची दोरी सरकार वा न्यायाधीश यांच्या हाती एकवटता कामा नये. व्यवसायाच्या स्वशासनाला बाहेरच्या नजरेची जोड हवी. महाधिवक्त्याचे अपील आणि सर्वोच्च न्यायालयाची फेरतपासणी ती जोड देतात.

दुसरा आक्षेप अंतराचा. मुंबईच्या फेऱ्या गरीब अशिलाला झेपत नाहीत, आणि तो थकला की तक्रारही विझते. १९७३च्या दुरुस्तीने राज्य कौन्सिलला निकालासाठी एका वर्षाची मुदत घातली. तेवढ्या काळात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. पण मुदतीने अंतर तुटत नाही. खरा उपाय कायद्याच्या कलम ३५मध्येच आहे: तक्रार आल्यावर ‘किंवा अन्यथा’ गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण असेल, तर कौन्सिलने ते प्रकरण समितीकडे सोपवावे. दाभोळकर प्रकरणात कौन्सिल स्वतःला व्यथित म्हणवून लढली आणि जिंकली. तो हक्क मिळवणाऱ्या संस्थेने कुरुंद्याच्या अशिलाची वाट पाहत बसू नये. त्याची व्यथा तिने केव्हाच आपली म्हटली आहे.