बारवेच्या भिंतीतील उंबर: एका ‘ऑस्ट्रेलियन’ झाडाची मराठवाडी कहाणी

१/
उंबर हे ऑस्ट्रेलियाचे देशी झाड आहे, असे सोनपेठच्या पारावर कोणी सांगितले तर ऐकणारे हसतील. विधान मात्र अचूक आहे. भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियामार्गे थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत उंबर नैसर्गिकरीत्या वाढतो. तेथे त्याचे नाव ‘क्लस्टर फिग’, म्हणजे घोसाने फळणारे अंजीर. गोदाकाठाप्रमाणेच क्वीन्सलंडमधील ओढ्याकाठीही तो आढळतो. या धाग्याचा विषय हे झाड, मराठवाड्यातील बारवा आणि या दोहोंच्या भांडणात उपयोगी पडणारी एक कुंडी.

२/
ऑस्ट्रेलियाचे झाड म्हटले की डोळ्यांसमोर येते ती निलगिरी. तिचा इतिहास सरकारी कागदपत्रांत सापडतो. दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर १८४३ पासून तिची लागवड झाली. पुढे मेलबर्नच्या फेर्डिनांड फॉन म्युलर यांनी तिचे बी जगभर पाठवले. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला, त्या काळात निलगिरी बांधाबांधांवर पोहोचली. उंबराला यांपैकी कशाचीच गरज पडली नाही. पक्षी, वटवाघळे आणि अतिदीर्घ काळ यांनीच त्याचा प्रसार केला.

३/
हे झाड एकच आहे, हे विद्वानांच्या ध्यानात येण्यास मात्र वेळ लागला. केरळात तयार झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) या ग्रंथात ते ‘अत्ति-आलु’ या नावाने येते. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘फायकस रेसिमोसा’ म्हटले. रॉक्सबर्गने ‘ग्लोमेराटा’ असे वेगळे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील झाडाला म्युलर यांच्याकडून ‘वेस्का’ हे तिसरे नाव मिळाले. पुढे ही सारी नावे लिनियसच्या नावात विलीन झाली.

४/
मराठी मुलखात उंबराचे नाते पाण्याशी आणि श्रद्धेशी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजल शोधण्यावर ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे. उंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर खणल्यास गोड पाण्याची शीर लागते, असे त्यात म्हटले आहे. गुरुचरित्रातील कथेत हिरण्यकशिपूच्या वधानंतर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमतो. दत्तसंप्रदायाने या वृक्षाला दैवताचे स्थान दिले. त्यामुळे औदुंबरावर कुऱ्हाड चालवण्यास आजही सहसा कोणी धजावत नाही.

५/
मराठवाड्यात जुन्या बारवा पुष्कळ आहेत. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळमुक्त केली, तेव्हा ती सर्वदूर परिचित झाली. या बांधकामांत घडीव दगड एकमेकांवर नेमके बसवलेले असतात. पाखराच्या विष्ठेतून आलेले मोहरीहून बारीक बी त्यांच्या सांध्यात रुजते. मूळ ओलाव्याचा माग काढत आत शिरते आणि जाड होत जाते. सांधा फाकतो, चिरा सरकतो. ज्या झाडाच्या खुणेवर विहीर खणावी असे शास्त्र सांगते, त्याच झाडाची मुळे तिची भिंत उकलतात.

६/
हा पेच जुना आहे. परभणी निजामी राज्यात असताना, १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात जॉन मार्शल यांची संवर्धन-पुस्तिका १९२३ मध्ये निघाली. वास्तूंवर उगवणाऱ्या झाडाझुडपांचा विचार तिच्यातही करावा लागला. वरचा शेंडा छाटल्याने काम भागत नाही. खाली उरलेले मूळ पुन्हा फुटते आणि दर छाटणीनंतर अधिक जाड होते. एकीकडे श्रद्धा झाड तोडू देत नाही, दुसरीकडे अर्धवट छाटणी भिंत वाचवू देत नाही.

७/
या पेचातून सुटण्याची एक वाट बोन्सायच्या परंपरेत आहे. चीनमध्ये इ.स. ७०६ च्या सुमारास बांधलेल्या राजपुत्र झांगहुआई याच्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकात लहान झाडे घेतलेले सेवक दिसतात. ही कला जपानात गेली आणि तेथे ‘यामादोरी’ची रीत रुजली. डोंगरकपारीत, खडकाच्या भेगेत वारा आणि उपासमार सोसून खुरटलेले झाड अलगद काढायचे आणि कुंडीत जगवायचे, अशी ही रीत. बारवेच्या सांध्यातील उंबराचे रोप याच जातीचे आहे.

८/
ऑस्ट्रेलियातील बोन्साय-कलावंतांनी प्रारंभी जपानी पाइन, ज्युनिपर, मेपल यांचाच आदर्श मानला. कालांतराने त्यांचे लक्ष स्वतःच्या भूमीतील झाडांकडे वळले. त्यांत अग्रस्थान मिळाले ‘पोर्ट जॅक्सन फिग’ला. सिडनीच्या बंदरावरून नाव पडलेले हे झाड आपल्या वड-उंबरांच्याच कुळातील. तेही वालुकाश्माच्या कड्यांत आणि जुन्या इमारतींच्या भेगांत उगवते. २००८ मध्ये कॅनबेरात बोन्सायचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला. त्यात परदेशी झाडांच्या शेजारी देशी झाडांनाही मानाचे स्थान आहे.

९/
महाराष्ट्रात या कलेला ‘वामनवृक्ष’ असे सुंदर नाव मिळाले. मुंबई-पुण्यात तिचा छंद रुजला आणि २०१८ मध्ये पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. येथील छांदिष्टांचा मोठा आधार म्हणजे वड, पिंपळ, पायर आणि नांद्रुक. यांपैकी पायर आणि नांद्रुक हेही उंबरासारखेच भारत व ऑस्ट्रेलिया या दोन्ही भूमींचे देशी आहेत. क्वीन्सलंडमधील युंगाबुराजवळचा प्रसिद्ध ‘कर्टन फिग’, म्हणजे पडद्यासारख्या मुळ्या सोडलेला महावृक्ष, ही आपली पायरच.

१०/
भिंतीतून रोप काढण्याचा योग्य काळ म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. हवेत दमटपणा येतो आणि झाड जोमाने फुटू लागते. सांध्यातील माती ओली करून सैल करावी व शक्य तितकी बारीक मुळे राखावीत. पाने कमी करावीत, म्हणजे तुटक्या मुळांवर भार येत नाही. कापल्या जागी पांढरा चीक येतो, तो पुसून वाळू द्यावा. हे सारे कोवळ्या रोपापुरतेच. खोड जाड झाले असेल तर ओढल्याने चिराच निखळतो. बारव संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्रीय किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. तेथे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीविना हात लावू नये.

११/
कुंडीत मराठवाड्याची काळी माती मात्र घातक ठरते. भिजली की ती फुगते, सुकली की भेगाळते. कुंडीच्या मर्यादित जागेत मुळे आधी गुदमरतात, नंतर तुटतात. म्हणून विटांचे बारीक तुकडे, चाळलेला मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत असे निचऱ्याचे मिश्रण हवे. साधारण दोन-तीन वर्षांनी, पुन्हा पावसाच्या तोंडावर, कुंडी बदलावी. तेव्हा मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा छाटावा. जाड मुळे कमी करावीत, तंतुमुळे राखावीत. नंतर काही आठवडे झाड सावलीत ठेवावे.

१२/
आकार देताना उंबर आपले स्वभावधर्म सोडत नाही. छाटणीने पाने काहीशी लहान होतात, पण नांद्रुकाइतकी नव्हे. फळे थेट खोडावर लागतात आणि ती फारशी लहान होत नाहीत. म्हणून हातभर उंचीचे, भक्कम खोडाचे झाडच शोभते. तार सैल गुंडाळावी आणि सालीत रुतण्याआधी काढावी. भिंतीतील रोपाला सर्वाधिक साजते ती दगडाला मुळांनी कवटाळण्याची रचना, जपानी परिभाषेत ‘सेकिजोजु’. नदीतील काळ्या पाषाणावर मुळे पसरून बांधली की बारवेतील तेच दृश्य छोट्या रूपात उभे राहते. दगड मात्र बारवेचा नसावा.

१३/
या उपायाची मर्यादाही मोठी आहे. उंबराच्या फळात एक चिमुकली गांधीलमाशी शिरते, परागीभवन करते आणि तिची पुढची पिढी त्याच फळात वाढते. तिच्याविना उंबराला बी धरत नाही. पिकलेल्या फळांवर बुलबुल, धनेश, वटवाघळे, माकडे जगतात. ऑस्ट्रेलियातील मूळनिवासीही ही फळे खात आले आहेत. कुंडीतला उंबर डोळ्यांना सुख देतो, पण एवढा पसारा पोसण्याचे बळ त्याच्यात नसते. भिंतीतून दहा रोपे निघाली तर कुंडीत एखादेच जावे. उरलेल्यांची जागा ओढ्याकाठी, गायरानात, विहिरीपासून आणि जुन्या बांधकामापासून चांगल्या अंतरावर.

१४/
सोनपेठ तालुक्याला गोदावरीचा काठ लाभला आहे आणि नदीकाठ हे उंबराचे खरे घर. तेथे रुजलेले रोप कोणाची भिंत फोडत नाही, आणि तेथे नेऊन लावले म्हणजे औदुंबरावर कुऱ्हाड चालवल्याचे पापही कोणाच्या माथी येत नाही. बारवा स्वच्छ करण्यासाठी गावोगावी हात पुढे येत आहेत. त्या श्रमदानात फावड्या-टोपल्यांसोबत ओले पोते आणि चार कुंड्या नेल्या, तर दगड आणि झाड दोन्ही वाचतील.

१५/
राहिला ‘देशी’ या शब्दाचा प्रश्न. निलगिरी येथे येऊन पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी ती परकी ठरते. उंबर सातासमुद्रापलीकडेही उगवतो, तरी तो आपलाच राहतो. कारण त्या झाडावर जगणारी माशी, त्याचे बी पेरणारे पाखरू आणि त्यापुढे हात जोडणारा माणूस येथे फार पूर्वीपासून आहेत. क्वीन्सलंडच्या ओढ्यालाही त्याच्यावर तितकाच हक्क सांगता येतो. झाडांच्या इतिहासात एक गाव मिळाले म्हणून दुसरे सुटत नाही.