भरतीचे गणित

वैनगंगाकाठच्या आपल्यासारख्यांना पूर म्हणजे वरून येणारे पाणी. मुंबईला तो दोन्हीकडून गाठतो. १७८४ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या हॉर्नबी वेलार्डने वरळीचे खिंडार बुजविले. बेटांमधल्या सखल जागांचे पुढे शहर झाले. भरतीने मात्र आपला नेम सोडला नाही. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसापुरत्या, तोही ओहोटीत पडेल या भरवशावर बांधलेल्या. भरतीत त्यांची मुखे पाण्याखाली जातात आणि पाऊस गल्लीतच थांबतो. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता दुप्पट करण्यास सुचविले. माधवराव चितळ्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला तेही हेच वर्ष!

काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आक्रसलेल्या मिठी नदीने वस्त्या बुडविल्या, शेकडो माणसे दगावली. तेव्हा कोठे चितळ्यांच्याच अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि हाजी अली, ईर्ला येथे भरतीतही पाणी उपसणारी केंद्रे उभी राहिली. माहुल व मोगरा येथली पुढे कित्येक वर्षे जागेच्या व परवानग्यांच्या घोळात अडकली. २०२२ मध्ये महापालिकेने वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. समुद्राची पातळी चढेल तसतसे वाहिन्यांची मुखे बुडालेली राहण्याचे तासही वाढणार आहेत.