काचेचं घर आणि रात्रीचं रान

आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. मोठ्या झाडीत घर असेल तर त्याभोवती रात्री दिवे कसे लावावेत, याचा इतिहास. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने या भानगडीत कशाला पडावं, असा प्रश्न पुढच्या रांगेत काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. (हशा) पण ‘पाहणं म्हणजे काय’ हा आमचा फार जुना धंदा आहे, आणि अमेरिकेतल्या एका वास्तुशास्त्रज्ञाला हाच प्रश्न स्वतःच्या घरात, दिवा लावल्याबरोबर पडला होता.

त्याचं नाव फिलिप जॉन्सन. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू केनान इथे १९४९ साली त्याने स्वतःसाठी घर बांधलं. लांबी ५६ फूट, रुंदी ३२ फूट, चारही बाजूंना पोलादी चौकटीत बसवलेली काच. आडोसा म्हणाल तर विटांचा एक गोल खांबासारखा भाग, त्यात न्हाणीघर आणि बाहेरच्या अंगाला शेकोटी. सुरुवातीला जागा पाच एकरांच्या आसपास होती. पुढे लगतची जमीन घेत घेत ती ४९ एकरांवर गेली. भोवतालच्या झाडीला तो आपला महागडा वॉलपेपर म्हणायचा. गंमतीने म्हणायचा, पण हा शब्द लक्षात ठेवा. झाड हे भिंतीचा कागद झालं की त्याच्याशी आपलं नातं काय उरतं, हे पुढे येणारच आहे.

दिवसा सगळं झकास. काचेच्या घराचं तत्त्वच हे, की आत आणि बाहेर यांच्यातली रेघ पुसली जावी. पण संध्याकाळ झाली, आतले दिवे लागले, आणि रान गायब! काचेत दिसायला लागला तो जॉन्सन स्वतः, आणि तोही चहूबाजूंनी. बाहेर पाहायला बांधलेलं घर रात्री माणसाला त्याचंच तोंड दाखवायला लागलं.

यात जादू काही नाही. साधी काच समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते. दिवसा बाहेर हजारो लक्स उजेड असतो, त्यापुढे हे परावर्तन कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्री हिशेब उलटतो. खोलीत समजा १०० लक्स आहेत. बाहेर अगदी पौर्णिमा असली तरी पाव लक्सच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा गडद पानं गिळून टाकतात. मग काचेतलं प्रतिबिंब बाहेरच्या झाडापेक्षा कित्येक पटींनी ठळक होणार, यात नवल ते काय. पडदा लावावा तर घराचा अर्थच गेला.

इथे रिचर्ड केली येतो. जन्म १९१०, न्यूयॉर्कमध्ये प्रकाशयोजनेचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या अगदी पहिल्या काही लोकांपैकी एक. पुढे न्यूयॉर्कची सीग्राम इमारत आणि टेक्ससमधलं किंबेल कलासंग्रहालय यांच्या उजेडामागेही तोच. त्याने जॉन्सनच्या घरात दोन गोष्टी केल्या. बाहेरची झाडं आणि हिरवळ उजळली, आणि आतला उजेड उतरवला. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या मते जास्त. दोघांनी मिळून एक उभा दिवासुद्धा तयार केला: तीन पायांवर, बल्ब खाली डबीत लपवलेला, उजेड वरच्या शंकूसारख्या टोपीवर आपटून मऊ होऊन खाली येणारा. बसणाऱ्याला वाचता येईल एवढा उजेड, पण डोळ्यांत काही घुसत नाही आणि काचेतही फारसं चमकत नाही.

१९५२ मध्ये केलीने आपलं म्हणणं एका निबंधात मांडलं. त्याने प्रकाशाचे तीन प्रकार केले: एका जागी लक्ष खेचणारा, सगळीकडे सारखा पसरून सावल्या विरवणारा, आणि तिसरा लखलखणारा, पाण्यावरच्या उन्हासारखा. मला यात आवडतं ते हे, की तो दिव्यांची वर्गवारी करत नाही, पाहण्याची करतो. कुठला दिवा घ्यायचा हा प्रश्न त्याच्याकडे शेवटी येतो.

बाजाराने मात्र केलीचा अर्धाच धडा उचलला. आतला उजेड कमी करा, हे विकता येत नाही. बाहेर दिवे लावा, हे विकता येतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत बागेसाठी १२ व्होल्टचे दिवे आले. शॉकचं भय कमी, तार उथळ पुरली तरी चालते, घरमालक स्वतः लावू शकतो. लहान अंगणात उत्तम. पण दहा एकरांच्या झाडीत गणित अंगावर येतं. १२० वॉटच्या भाराला १२० व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर १० अँपिअर; आणि त्याच तारेतला क्षय प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरपट. शेवटच्या झाडाखालचा दिवा पिवळट, मलूल. म्हणून तारा जाड घ्यायच्या, किंवा ट्रान्सफॉर्मर झाडांच्या जवळ न्यायचा.

याच काळात एक सुरेख युक्तीही रुळली. दिवा जमिनीवरून वर मारण्याऐवजी उंच फांदीवर बसवायचा आणि पानांमधून खाली सोडायचा. जमिनीवर चांदण्यासारखी जाळी पडते. दिवा मात्र खोडाला पट्ट्याने आवळायचा नाही. झाड जाड होतं आणि पट्टा त्याचा गळा दाबतो. आपल्याकडे लग्नाच्या लॉनवर आंब्याच्या खोडाला माळा गच्च गुंडाळून वर्षानुवर्षं तशाच ठेवतात, तेव्हा मला याची आठवण येते.

आता झाडाची बाजू. १९३६ मध्येच, म्हणजे काचघराच्या तेरा वर्षं आधी, एडविन मॅट्झकी या वनस्पतिशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधली एक नोंद प्रसिद्ध केली होती: रस्त्यावरच्या दिव्यांजवळ काही झाडांची पानं शरद ऋतूत उशिरा गळतात. झाड दिवस किती लांब आहे यावरून ऋतू ओळखतं, आणि दिवा त्याला खोटा दिवस सांगतो. ही माहिती छापलेली होती, उपलब्ध होती. पण वॉलपेपरला ऋतू असतो, हे कोणाच्या मनात येणार? काळोखाच्या बाजूने बोलणारी संघटना अमेरिकेत उभी राहायला १९८८ साल उजाडलं.

हा अमेरिकेपुरता मामला राहिलेला नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. आणि भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी होते, ती तुम्हाला ठाऊकच आहे. काजव्याचा नर उडता उडता लुकलुकतो, मादी खालून उत्तर देते. तो त्यांचा संवाद आहे. त्यावर गाडीचा हेडलाइट पडला की उत्तर दिसत नाही. आता त्याच सह्याद्रीत झाडीतले बंगले होताहेत आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक दिवा, रात्रभर चालू.

अशा घरमालकाला केलीच्या हिशेबाने मी दोनच गोष्टी विचारीन. तुम्ही बाहेर पाहायला बसता तेव्हा आतला दिवा किती उतरवता? आणि तुम्ही झोपल्यावर बाहेरचा दिवा कोणासाठी चालू असतो? पहिल्याचं उत्तर डिमर देतो, दुसऱ्याचं साधा टायमर. दोन्ही आपल्या बाजारात मिळतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.