एका गावी दोन जागा

जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना 'पती-पत्नी एकत्रीकरण' हे शब्द समजावून सांगायला नकोत. बदल्यांचे दिवस आले की एकाची शाळा घाटाच्या वर आणि दुसऱ्याची खाली, अशी जोडपी याद्यांकडे डोळे लावून बसतात. हा प्रश्न प्रशासनाचा आहे, फार तर माणुसकीचा आहे, असे आपण धरून चालतो. पण तो गणिताचाही आहे, आणि भल्याभल्यांना चकवणाऱ्या गणिताचा आहे. अमेरिकेत तरुण डॉक्टरांच्या नेमणुका कशा होतात त्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे फार स्वच्छ दिसते.

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली तरी लगेच स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काही वर्षे काढावी लागतात. सामान्य वैद्यकासाठी तीन वर्षे, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सात. पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी ठिकठिकाणी मुलाखती देतात. मग प्रत्येक विद्यार्थी रुग्णालयांची पसंतीक्रमाने यादी करतो आणि प्रत्येक रुग्णालय विद्यार्थ्यांची. दोन्ही याद्या संगणकात जातात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागतो. सोमवारी एवढेच कळते, की जागा मिळाली की नाही. कोठे मिळाली ते शुक्रवारी कळते. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. त्या शुक्रवारी कितीतरी महाविद्यालयांत आईवडिलांसमोर, मित्रांसमोर एकाच वेळी लिफाफे फोडले जातात. पतिपत्नी एकाच वर्गात असतील तर दोन लिफाफे फुटतात, आणि दोन्हींत एकाच शहराचे नाव नसेल तर काय, या विचाराने दोघांचीही आदली रात्र जागून गेलेली असते.

हा सगळा खटाटोप संगणकाकडे का सोपवावा लागला? विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आंतरवासितेची पद्धत रुळली, तेव्हा रुग्णालये जास्त आणि उमेदवार कमी अशी स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पटकावण्याआधी आपण पटकवावा, म्हणून रुग्णालये दरवर्षी थोडी आधी बोलणी करू लागली. होता होता १९४४ पर्यंत मजल अशी गेली, की काम सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, म्हणजे विद्यार्थी धड रुग्ण तपासायलाही शिकलेला नसताना, नेमणुका ठरू लागल्या. १९४५ मध्ये महाविद्यालयांनी एकजूट करून ठरवले, की ठरावीक तारखेच्या आत विद्यार्थ्यांची गुणपत्रके आणि शिफारसपत्रे बाहेर द्यायचीच नाहीत. आधी ठरवण्याची शर्यत थांबली, पण घाई दुसऱ्या वाटेने शिरली. देकार आल्यावर विचार करायला विद्यार्थ्याला किती वेळ द्यायचा? १९४५ मध्ये दहा दिवस होते. १९४९ मध्ये मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने तारा पाठवाव्यात आणि दुपारी १२ पर्यंत उत्तराची सक्ती करू नये, अशी सूचना पुढे आली, तर रुग्णालयांच्या संघटनेला ते बारा तासही फार वाटले! पुढच्या वर्षीच्या नियमांत तर तारेपाठोपाठ फोन करून विद्यार्थ्याला छळू नये, असे एक कलमच घालावे लागले. वाईट माणसे जमली होती म्हणून हे घडले नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने शहाणपणानेच वागत होता, आणि सगळे मिळून वेड्यासारखे वागत होते.

शेवटी मध्यवर्ती जुळवणीची कल्पना निघाली. १९५१ मध्ये तिची चाचणी झाली. त्या योजनेत एक खोट होती. दुरापास्त अशी जागा जो पहिल्या क्रमांकावर लिहील त्याची दुसऱ्या क्रमांकाची हक्काची जागाही हातची जाण्याचा संभव होता. म्हणजे मनातले खरे लिहिणाराच फसणार. ही खोट विद्यार्थ्यांनी हेरली. हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रेन (पुढे हे बालशल्यविशारद म्हणून नावाजले) याच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची समिती उभी राहिली आणि तिने नियम बदलून घेतले. वर्गात 'नियम कोण करतो' हा विषय निघाला तर हे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९५२ मध्ये पंचकार्डे लावणाऱ्या यंत्रांवर पहिली खरी जुळवणी झाली. जागा होत्या १०,४०० आणि पदवीधर सुमारे ६,०००.

नव्या नियमांचे मर्म थोडक्यात असे. रुग्णालय आपल्या यादीतील सर्वांत वरच्या विद्यार्थ्यांना विचारते. विद्यार्थी आलेल्या देकारांतला सर्वांत चांगला हाती ठेवतो, पण पक्का करत नाही, आणि बाकीचे नाकारतो. नाकारले गेलेले रुग्णालय यादीत खाली उतरून पुढच्याला विचारते. असे चालत राहते. रुग्णालय एकाच विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा कधीच विचारत नाही, त्यामुळे हे केव्हातरी थांबणारच. थांबल्यावर जी जुळवणी उरते तिला 'स्थिर' म्हणतात. आपापल्या वाट्याला आलेल्यापेक्षा ज्यांना परस्परच अधिक पसंत आहेत, असा विद्यार्थी आणि असे रुग्णालय तिच्यात सापडत नाही. त्यामुळे पाठीमागून गुपचूप करार करण्यात कोणाला लाभ नसतो. हेच तत्त्व डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका सात पानी लेखात स्वतंत्रपणे मांडले आणि सिद्ध केले. त्यांना अमेरिकेतल्या डॉक्टरांची पद्धत ठाऊक नव्हती. दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत हे अर्थतज्ज्ञ आल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. गंमत अशी, की गेल-शॅप्लींनी आपला सिद्धांत विवाह जुळवण्याच्या भाषेत सांगितला होता, आणि तो अडला नेमका विवाहित जोडप्यांपाशी.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दहा विद्यार्थ्यांमागे एकही मुलगी नसे. १९७० नंतर हे झपाट्याने पालटले. शिक्षणात लिंगभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९७२ मध्ये झाला, आणि १९८० च्या सुमारास पदवीधरांत सुमारे पाव हिस्सा स्त्रिया होत्या. एकाच वर्गातली लग्ने वाढली. ही जोडपी जुळवणीत भाग घेण्याऐवजी थेट रुग्णालयांशी बोलून दोन जागा मिळवू लागली. वीसएक वर्षे बिनबोभाट चाललेल्या व्यवस्थेला पहिली गळती लागली ती येथे.

चालकांनी उपाय केला, पण अर्धवट. जोडप्याने अधिष्ठात्यांकडून आपण जोडपे असल्याचा दाखला आणायचा आणि दोघांतला एक 'प्रमुख' ठरवायचा. प्रमुखाची जुळवणी एकट्यासारखी व्हायची, मग दुसऱ्याच्या यादीतून दूरच्या जागा काढून टाकून त्याची. येथे नक्की काय चुकले ते पाहा. जोडप्याची आवड म्हणजे दोन वेगवेगळ्या आवडींची बेरीज नव्हे. बॉस्टनमध्ये तिला उत्तम जागा आणि त्याला वाईट, यापेक्षा शिकागोत दोघांना मध्यम बऱ्या जागा, हे त्यांना हवे असू शकते. एकेकट्याच्या यादीत हे लिहिण्याची सोयच नव्हती. घरातला प्रमुख कोण हे कागदावर लिहून द्यायला लावणे हाही प्रकार मला तरी चमत्कारिक वाटतो. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत नियम बदलला आणि जोडप्यांना जागांच्या जोड्यांची यादी देता येऊ लागली.

माणसांच्या दृष्टीने हे न्याय्य झाले, पण गणिताचा पाया हलला. एक छोटे उदाहरण फळ्यावर मांडून पाहा. क आणि ख ही दोन रुग्णालये, प्रत्येकी एक जागा. एका जोडप्याला एकच जोडी चालते, पत्नी क मध्ये आणि पती ख मध्ये. तिसरा उमेदवार एकटा आहे. त्याला आधी क हवे, ते नसेल तर ख. आता क ला ती पत्नी तिसऱ्यापेक्षा अधिक पसंत आहे, पण ख ला तिसरा हा त्या पतीपेक्षा अधिक पसंत आहे. जोडप्याला दोन्ही जागा द्या. तिसरा रिकामा राहतो, ख ला तोच हवा असतो, ते दोघे संगनमत करतात. बरे, तिसऱ्याला ख द्या आणि जोडप्याला घरी बसवा. मग क रिकामे आणि तिसऱ्याला क च अधिक आवडते, तो तिकडे जातो. तो क मध्ये गेला की ख रिकामे होते आणि क ला तर पत्नीच अधिक हवी असते, म्हणून जोडपे परत येते. आपण जेथून निघालो तेथेच आलो. येथे स्थिर जुळवणी नाहीच. कितीही हुशार संगणक आणला तरी जे नाही ते तो शोधणार कोठून?

कारण सोपे आहे. एकट्या उमेदवारांच्या बाबतीत गाडी एकाच दिशेने जाते. जोडप्यातल्या पतीला कोणी मागे सारले की पत्नीला आपली पक्की जागाही सोडावी लागते. तिच्यासाठी त्या रुग्णालयाने ज्यांना नाकारले होते त्यांचा दावा पुन्हा जिवंत होतो आणि गाडी उलट फिरते. जोडप्यांसह स्थिर जुळवणी आहे की नाही हे ठरवण्याचा प्रश्न सर्वांत बिकट प्रश्नांच्या वर्गात, म्हणजे एनपी-पूर्ण वर्गात, मोडतो हे ईटन रॉन यांनी १९९० मध्ये सिद्ध केले.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर विद्यार्थी संघटनांनी वेगळीच तक्रार केली. देकार रुग्णालये देतात, म्हणून पद्धत रुग्णालयांना झुकते माप देते. तक्रार तत्त्वतः बरोबर होती. रॉथ आणि इलियट पेरान्सन यांच्याकडे नवी रचना सोपवली गेली आणि ती १९९८ च्या जुळवणीपासून वापरात आली. आता विचारणा उमेदवाराकडून होते, आणि जोडप्याने सोडलेली जागा लक्षात ठेवून पूर्वी नाकारलेल्यांचा पुन्हा विचार होतो. जुन्या वर्षांच्या याद्यांवर ती चालवून पाहिली तेव्हा जेमतेम हजारात एका उमेदवाराची जागा बदलली. शिवाय, जी सापडेल याची हमी नव्हती ती स्थिर जुळवणी तपासलेल्या प्रत्येक वर्षी सापडली. असे का, याचे उत्तर फुहितो कोजिमा, पराग पाठक आणि रॉथ यांनी २०१३ मध्ये दिले. बाजार खूप मोठा, जोडपी त्या मानाने थोडी आणि याद्या आखूड असल्या, तर उलट फिरलेली गाडी बहुधा कोठेतरी रिकाम्या जागेपाशी थांबते. त्याआधी, २०१२ मध्ये, रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अलीकडच्या वर्षांत दरसाल हजार-बाराशे जोडपी या पद्धतीने भाग घेतात, आणि बहुतेक जोडप्यांत दोघांनाही जागा मिळते.

पण उरलेल्यांचे काय? आणि जागा मिळाल्या, पण यादीच्या तळाशी लिहिलेल्या, त्यांचे काय? तिने दहा आणि त्याने दहा ठिकाणी मुलाखती दिल्या तर शंभर जोड्या होतात. समजा, लिफाफ्यात सतरावी जोडी निघाली. याचा अर्थ एवढाच, की वरच्या सोळांपैकी एकही जोडी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी साधली नाही. पहिल्या जोडीतले रुग्णालय कदाचित तिला घ्यायला तयार होते आणि त्याला नव्हते, दुसऱ्या जोडीत उलट असेल. निकाल हे सांगत नाही, आणि जोडीच्या यादीवरून ते काढताही येत नाही. तुझ्यामुळे माझे बॉस्टन हुकले, हे वाक्य त्या आठवड्यात ज्या घरात उच्चारले जात असेल तेथे त्याला गणिताचा काहीही आधार नसतो.

नियमांतली आणखी एक गोष्ट कठोर आहे. दिलेल्या जोड्यांपैकी एकही जमली नाही, तर संगणक मागे वळून दोघांचा एकेकट्याने विचार करत नाही. एकाला सहज जागा मिळाली असती तरी दोघेही रिकामे राहतात. म्हणून यादीत 'एकाला अमुक जागा, दुसऱ्याला काहीच नाही' अशी जोडीही लिहिता येते. दोघांच्या दहा-दहा जागा धरल्या तर अशा वीस ओळी वाढतात. वेगवेगळ्या गावांतल्या जोड्याही लिहिता येतात. कोणाची जागा राखायची, किती मैलांचे अंतर सोसायचे आणि कितव्या ओळीनंतर सोसायचे, हे फेब्रुवारीतच, यादी पाठवण्याआधी, घरात बसून ठरवावे लागते. कारण मार्चमधल्या त्या सोमवारनंतर उरलेल्या जागा वाटण्याची जी फेरी २०१२ पासून चालते, तिच्यात जोडप्यांची वेगळी सोय नाही. तेथे दोघे दोन एकटे उमेदवार असतात. मिळालेली जागा नाकारायची तर जुळवणी चालवणाऱ्या संस्थेकडे गंभीर आणि अनपेक्षित अडचण सिद्ध करून सूट मागावी लागते. दोघांना लांबलांबची शहरे मिळाली, एवढ्यावर ती मिळण्याचा भरवसा नसतो, कारण यादीत ती दोन शहरे एका ओळीत त्यांनी स्वतःच लिहिलेली असतात. मग काहीजण पहिले वर्ष दोन गावांत काढतात, सुट्ट्या आणि रात्रपाळ्या जुळवून भेटतात, आणि दुसऱ्या वर्षीची एखादी जागा जोडीदाराच्या गावी रिकामी होते का याची चौकशी करत राहतात. अशा मधल्या जागा बऱ्याचदा जुळवणीच्या बाहेर भरल्या जातात. तेथे मात्र १९४० च्या दशकासारखेच चालते, आधी कळेल त्याने आधी विचारावे.