डिचोलीतला शहजादा

दिल्लीच्या बादशहाचा मुलगा आपल्या डिचोलीत राहून गेला, हे किती जणांना ठाऊक असेल? औरंगजेबाचा चौथा मुलगा मुहम्मद अकबर १६८३ साली संभाजीराजांच्या आश्रयाने तिथे होता. राजे आणि पोर्तुगीज यांच्यातल्या बोलणीत तो मध्यस्थही झाला. पण मला त्या राजकारणापेक्षा बापलेकांतली पत्रे मोलाची वाटतात.

आईबापांशी कसे बोलावे, हे कुराणात फार बारकाईने सांगितले आहे. म्हाताऱ्या आईवडिलांपुढे कंटाळून 'उफ्' एवढेही म्हणायचे नाही. इब्राहीमचे वडील मूर्तिपूजक. केवढा मतभेद! तरी समजावताना तो पुन्हा पुन्हा 'बाबा' अशीच हाक मारतो. मात्र हे बंधन एकट्या मुलांवर नाही. लुकमानही उपदेश करतो तो 'बाळा' म्हणून. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एकाच मुलाला देणगी देणारा बाप पैगंबरांना साक्षीला बोलावतो. सगळ्या मुलांना असेच दिलेस का, असे ते विचारतात, आणि नाही म्हटल्यावर साक्षीला राहायचे नाकारतात.

आता औरंगजेब पाहा. १६८१च्या जानेवारीत अकबराने राजपुतांच्या बळावर बंड केले. बापाने आधी लेखणी उचलली. राजपुतांना छान जाळ्यात आणलेस, अशी शाबासकी देणारे पत्र मुलाच्या नावे लिहिले आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. रातोरात फौज पांगली. बापाच्या मायेचे शब्द असेही वापरता येतात!

बंडाच्या काळातले अकबराचे पत्र उपलब्ध आहे. सूर अदबीचा, पण मजकूर झोंबणारा. बापाची सेवा हे मुलाचे कर्तव्य, हे तो मान्य करतो. पण मुलांना समान लेखणे हे बापाचेही कर्तव्य, याची आठवण देतो. आणि या बंडाच्या वाटेवरचे आपणच माझे गुरू, असेही सुनावतो. शहाजहान १६५८ पासून १६६६ मध्ये मरेपर्यंत आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता, त्यामुळे हा टोमणा नेमका कुठे लागला असेल हे सांगायला नको.

अकबराशी पत्रव्यवहार केल्याचे उघड झाले म्हणून औरंगजेबाने थोरल्या मुलीला, झेबुन्निसाला, सलीमगडावर डांबले. १७०२ मध्ये ती कैदेतच वारली.

अकबर १६८७ साली राजापूरहून जहाजाने इराणकडे निघाला. त्याची मुले मारवाडात दुर्गादास राठोडाकडे राहिली. ईश्वरदास नागर लिहितो, की नात सफीयतुन्निसा पुढे आजोबांकडे परतली, तेव्हा तिला कुराण शिकवायची व्यवस्था करावी असे बादशहाच्या मनात आले. पण तिला ते आधीच पाठ होते. दुर्गादासाने तिच्यासाठी मुसलमान शिक्षिका ठेवली होती. हे ऐकून आजोबांनी दुर्गादासाचे जुने अपराध पोटात घातले. मुलीचा बाप मात्र कधीच परतला नाही. औरंगजेबाच्या आधीच तो इराणात वारला.